लहरी चाचण्यांचा बंदोबस्त

वेबसाइटवरचा एखादा फॉर्म नीट चालतो की नाही हे पाहायला दर वेळी माणूस बसवणे परवडत नाही, म्हणून ते काम प्रोग्रामकडे दिले जाते. हा प्रोग्राम खराखुरा ब्राउझर उघडतो, पत्ता टाकतो, रकाने भरतो, बटण दाबतो आणि पडद्यावर हवा तो मजकूर आला का ते बघतो. आला तर हिरवी खूण, नाही तर लाल. कोडमध्ये एक ओळ बदलली तरी अशा शे-दोनशे चाचण्या आपोआप चालतात आणि सगळ्या हिरव्या झाल्यावरच तो बदल लोकांपर्यंत जातो. या व्यवस्थेला ग्रहण लागते ते लहरी चाचण्यांमुळे. कोडला कोणी हातही न लावता सकाळी पास आणि दुपारी फेल होणारी चाचणी ती लहरी. कंपन्यांमध्ये तिला ‘फ्लेकी टेस्ट’ म्हणतात आणि ती फेल झाली की बहुतेक ठिकाणी उपाय ठरलेला असतो: परत चालवून बघ.

हा त्रास किती झपाट्याने वाढतो ते हिशेब मांडल्यावर कळते. २०० चाचण्या आहेत आणि त्यातली प्रत्येक २०० वेळांतून एकदाच विनाकारण फेल होते असे धरले, तर एकेकटी पाहता कोणत्याही चाचणीला नाव ठेवायला जागा नाही. पण अख्खी फेरी हिरवी जाण्याची शक्यता उरते सुमारे ३७ टक्के. तीन फेऱ्यांतल्या जवळपास दोन लाल होतात. गूगलसारखी कंपनीही यातून सुटलेली नाही. २०१६ मध्ये तिथल्या अभियंत्यांनी जाहीर केलेल्या आकड्यांनुसार एकूण फेऱ्यांपैकी सुमारे दीड टक्का फेऱ्यांचा निकाल लहरी होता, जवळपास १६ टक्के चाचण्यांमध्ये कमी-अधिक लहरीपणा होता, आणि पासवरून फेलवर गेलेल्या निकालांपैकी ८४ टक्क्यांत लहरी चाचणीचा हात होता. शेवटचा आकडा सगळ्यात घातक. लाल खूण दिसली की ‘असेल नेहमीचेच’ म्हणण्याची सवय लागते आणि खरा दोष त्याच गर्दीतून निसटतो.

या लहरीपणाचे मूळ ब्राउझरच्या चाचण्यांच्या रचनेतच आहे. शिकागोच्या थॉटवर्क्स कंपनीत जेसन हगिन्स यांनी २००४ मध्ये अशा चाचण्यांसाठी सेलेनियम हे साधन तयार केले. पुढे सायमन स्ट्युअर्ट यांचे वेबड्रायव्हर त्याला जोडले गेले, २०११ मध्ये सेलेनियम २ आले आणि जून २०१८ मध्ये वेबड्रायव्हरला जागतिक वेब मानकाचा दर्जा मिळाला. या पद्धतीत चाचणी एका बाजूला चालते आणि ब्राउझर दुसऱ्या बाजूला. ‘इथे क्लिक कर’ हा हुकूम एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे जातो. दरम्यान पान सर्व्हरकडून माहिती मागवत असते, यादी भरत असते, अक्षरांचे फाँट उतरवत असते. दोघांची गती वेगळी आणि पान एकदा उघडले की एकाने दुसऱ्यासाठी थांबावे असा नियम नाही. मुंबईत २०११ मध्ये रितेश अरोरा आणि नकुल अग्रवाल यांनी सुरू केलेल्या ब्राउझरस्टॅकने वेगवेगळे ब्राउझर आणि खरे मोबाइल दुरून भाड्याने वापरण्याची सोय केली. चाचणी आणि ब्राउझर यांच्यात असे शेकडो किलोमीटरचे अंतर आले की घाईने लिहिलेली चाचणी लगेच उघडी पडते. तो सोय देणाऱ्यांचा दोष नसतो, तरी शिव्या त्यांनाच बसतात.

नेमके काय बिघडते हे जवळून पाहायचे तर महाराष्ट्रातल्या कोणत्याही शेतीविषयक संकेतस्थळावर भेटणारा फॉर्म पुरेसा आहे: आधी जिल्हा निवडा, मग तालुका, मग गाव. जिल्हा निवडला की त्याच्या तालुक्यांची यादी सर्व्हरकडून येते, तालुका निवडला की गावांची. अशा एका काल्पनिक फॉर्मची चाचणी वर्धा जिल्ह्यासाठी लिहिली आहे असे समजू. जिल्ह्यात आठ तालुके आहेत: वर्धा, सेलू, देवळी, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर. चाचणी वर्धा निवडते, कारंजा निवडते, एक गाव निवडते आणि पुढे जाते.

इथे वर्ध्याचा भूगोलच चाचणीच्या मुळावर येतो. वर्ध्याच्या तालुक्याचे ठिकाण कारंजा (घाडगे), पण वाशीम जिल्ह्यातही कारंजा तालुका आहे, तो कारंजा (लाड). आष्टी वर्ध्यात आहे तशी बीडमध्येही आहे. सेलू वर्ध्यात आहे तसे परभणीतही आहे. आठातल्या तीन तालुक्यांना महाराष्ट्रातच नावभाऊ आहेत. आता समजा आधीच्या पायरीत फॉर्मवर वाशीम निवडलेले होते. चाचणीने जिल्हा बदलून वर्धा केला आणि पुढच्याच क्षणी तालुक्यांच्या यादीत ‘कारंजा’ शोधला. नवी यादी अजून सर्व्हरवरून निघालेली नाही, पडद्यावर वाशीमचीच आहे. त्यात कारंजा सापडतो, चाचणी तो निवडते आणि समाधानाने पुढे सरकते. अर्ध्या सेकंदाने वर्ध्याची यादी येते, निवड पुसली जाते, गावांचा रकाना रिकामा राहतो आणि चाचणी ‘गाव सापडले नाही’ म्हणून फेल होते. नेटवर्क चपळ असेल त्या दिवशी वर्ध्याची यादी आधी पोचते आणि तीच चाचणी पास होते. संदेश गावाबद्दल बोलतो, चूक दोन पायऱ्या मागे झालेली असते. अशा संदेशावर विसंबून अनेक जण गावांच्या यादीचा कोड तासन् तास तपासत बसतात.

यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे जिल्हा निवडल्यावर दोन सेकंद थांबण्याचा हुकूम घालणे. तो सर्वांत वाईटही आहे. यादी २०० मिलिसेकंदांत आली तरी चाचणी दोन सेकंद घालवते आणि तीन सेकंद लागले तर पुन्हा फेल होतेच. मग कोणी तरी दोनाचे पाच करतो. शंभर चाचण्यांत अशा तीन-तीन जागा झाल्या की ५ गुणिले ३०० म्हणजे १,५०० सेकंद, २५ मिनिटे, नुसती बसून राहण्यात जातात. दोन वर्षे जुन्या कोणत्याही प्रकल्पात अशा थांब्यांची पेरणी दिसते आणि कोणता थांबा कशासाठी होता हे सांगणारा माणूस तोवर कंपनी सोडून गेलेला असतो.

थांबायचे ते घड्याळासाठी नव्हे, घटनेसाठी. सेलेनियममध्ये ‘अमुक अट पुरी होईपर्यंत, पण जास्तीत जास्त इतके सेकंद’ अशी सोय आहे. अट पुरी झाली की चाचणी लगेच पुढे जाते. सेलेनियममध्ये सगळ्या शोधांना सरसकट लागू होणारी एक आपोआप प्रतीक्षाही आहे. या दोन्ही एकत्र वापरू नयेत असे सेलेनियमचे स्वतःचे दस्तऐवज बजावतात, कारण मग एकूण किती वेळ थांबायचे याचा अंदाजच चुकतो. सायप्रेस आणि मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये आणलेले प्लेराइट ही नवी साधने थांबण्याचे बरेचसे काम स्वतःच करतात. प्लेराइट क्लिक करण्याआधी पाहते की बटण दिसते का, चालू आहे का, एका जागी स्थिर आहे का आणि त्यावर दुसरे काही आडवे आलेले नाही ना. स्थिरतेची कसोटीही चोख आहे: पडदा लागोपाठ दोनदा रंगवला जाताना बटणाची चौकट जागची हललेली नसावी.

एवढे असूनही कारंज्याची चूक प्लेराइटलाही पकडता येत नाही. वाशीमच्या यादीतला कारंजा दिसतो, चालू आहे, स्थिर आहे. साधनाला पडदा कळतो, जिल्हा कळत नाही. ‘साधन बदलले की लहरीपणा जाईल’ या आशेवर महिनोन् महिने घालवणाऱ्या चमूंची निराशा होते ती इथे. कशासाठी थांबायचे हे शेवटी चाचणी लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते. २०११ च्या जनगणनेत वाशीमचा संकेतांक ५०२ आणि वर्ध्याचा ५०४ आहे. नावे सारखी असली तरी संकेतांक सारखे नसतात. यादी कोणत्या संकेतांकाची आहे हे पानाने स्वतःच्या रचनेत लिहून ठेवले तर चाचणी ‘५०४ ची यादी आली’ या घटनेसाठी थांबू शकते. त्याहून बरा उपाय म्हणजे नवी यादी येईपर्यंत तालुक्याचा रकाना बंद ठेवणे. मग साधनाची आपोआप प्रतीक्षा खरोखर उपयोगी पडते आणि चाचणीत एक अक्षर वाढवावे लागत नाही.

रकाना बंद ठेवण्याचा दुसरा फायदा थेट वापरणाऱ्याला होतो. आष्टी तालुक्यातल्या एखाद्या गावी सेवा केंद्रात बसलेला चालक मंद नेटवर्कवर हाच फॉर्म भरतो. त्याच्याकडे यादी यायला अर्ध्या सेकंदाऐवजी आठ सेकंद लागतात, आणि जुन्या यादीतून चुकीचा तालुका निवडायला तो पूर्ण मोकळा असतो. चाचणी लहरी ठरली ती तिने या चालकासारखी घाई केली म्हणून.

याच फॉर्मचा आणखी एक दोष याहून खोल आहे. वापरणाऱ्याने चुकून वाशीम निवडले आणि लगेच दुरुस्त करून वर्धा केले, तर सर्व्हरकडे दोन मागण्या जातात. मागण्या ज्या क्रमाने गेल्या त्याच क्रमाने उत्तरे येतील याची हमी इंटरनेटवर नसते. वर्ध्याचे उत्तर आधी आले आणि वाशीमचे मागून आले, तर जिल्ह्याच्या रकान्यात वर्धा आणि तालुक्यांच्या यादीत वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा असे चित्र उभे राहते. ते तसेच राहते. इथे थांबूनही उपयोग नाही. आठ नावे दिसावीत अशी अपेक्षा ठेवणारी चाचणी कधी तरी सहा नावे पाहते, फेल होते आणि पुन्हा चालवली की पास होते. तिला लहरी म्हणून बाजूला टाकणारा चमू खऱ्या दोषाचा एकमेव साक्षीदार हाकलून देतो. दुरुस्ती कोडमध्ये करावी लागते: नवी मागणी निघताना जुनी रद्द करायची, किंवा प्रत्येक मागणीला क्रमांक देऊन शेवटच्या क्रमांकाचेच उत्तर स्वीकारायचे.

लहरी चाचणीकडे संशयाने पाहण्याआधी अनुप्रयोगाकडे संशयाने पाहावे, हा क्रम म्हणूनच योग्य. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये अपाचेच्या ५१ मुक्त प्रकल्पांतल्या लहरी चाचण्यांच्या २०१ दुरुस्त्या तपासल्या. त्या ब्राउझरपुरत्या नव्हत्या, तरी सर्वाधिक आढळलेले कारण उत्तराची नीट वाट न पाहणे हेच होते आणि त्याचा वाटा निम्म्याच्या जवळपास होता. त्याखालोखाल एकाच वेळी चालणाऱ्या कामांची टक्कर आणि चाचण्यांचे एकमेकींच्या क्रमावर अवलंबून असणे ही कारणे होती.

क्रमाचे दुखणे ओळखायला सोपे. एक चाचणी हिंगणघाटमधल्या शेतजमिनीच्या एका गटावर कापसाची नोंद करते, दुसरी त्याच गटावर एकच नोंद आहे का ते पाहते. वेळ वाचवण्यासाठी चाचण्या समांतर चालवल्या की कोण आधी पोचेल याचा नेम राहत नाही. प्रत्येक चाचणीने स्वतःचा गट, स्वतःचा शेतकरी, स्वतःचे लॉगिन तयार करावे. सामाईक काही ठेवू नये. ही माहिती पडद्यावरून न भरता थेट सर्व्हरला सांगून भरली तर वेळही वाचतो.

घड्याळाचे दुखणे मात्र फसवे आहे. चाचण्या चालवणारे सर्व्हर बहुधा जागतिक वेळेवर लावलेले असतात आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत भारतात नवी तारीख लागलेली असते, सर्व्हरवर मात्र आदलाच दिवस चालू असतो. चाचण्यांची मोठी फेरी रात्री लावण्याची पद्धत असल्याने ती नेमकी याच पट्ट्यात सापडते. रात्री लाल, सकाळी कोणी हाताने चालवली की हिरवी. ‘रात्रीचा सर्व्हर खराब आहे’ अशी दंतकथा मग तयार होते. ब्राउझरचा कालविभाग भारताचा ठरवून देणे आणि चाचणीपुरते घड्याळ एका क्षणावर गोठवणे हे दोन्ही आजच्या साधनांत करता येते. पण इथेही आधी कोड तपासावा. तारीख लिहिताना जागतिक वेळेत लिहून देणारी जावास्क्रिप्टची तयार सोय वापरली असेल, तर पहाटे चार वाजता अर्ज भरणाऱ्या खऱ्या माणसाच्या अर्जावरही कालची तारीख पडते. या दुखण्याचे वर्षातून एकदाच उगवणारे भाऊबंदही आहेत. आर्थिक वर्ष १ एप्रिलला बदलते, राज्याचे महसुली वर्ष १ ऑगस्टला. चालू वर्षाचा आकडा चाचणीत हाताने लिहून ठेवला असेल तर त्या सकाळी एकदम पन्नास लाल खुणा दिसतात.

मराठी अनुप्रयोगांना काही खास दुखणी आहेत. इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शनात ती सापडत नाहीत. ‘शेतकऱ्याचे नाव’ हे शब्द राज्यातल्या असंख्य फॉर्मवर असतात. त्यातले ‘ऱ्या’ संगणकात निदान तीन प्रकारे साठवता येते: ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून, ‘र’खाली नुक्ता देऊन, किंवा ‘र’ला हलन्त देऊन पुढे न दिसणारा जोडणारा वर्ण घालून. डोळ्यांना तिन्ही एकच, चाचणीला तिन्ही वेगळे. एका कर्मचाऱ्याच्या कळफलकावरून एक रूप येते, दुसऱ्याच्या मोबाइलवरून दुसरे, आणि चाचणीचा निकाल माहिती कोणी भरली यावर ठरू लागतो. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने पहिली दोन रूपे एक होतात, तिसरे होत नाही. त्यासाठी साठवण्यापूर्वी वेगळा नियम लावावा लागतो. तो न लावल्यास शोधाच्या रकान्यात ‘गोऱ्हे’ टाकणाऱ्याला गोऱ्हे सापडत नाहीत.

आकड्यांचेही तसेच. ‘१,००,०००’ असे देवनागरी आणि लाखाच्या पद्धतीने लिहिण्याची सोय प्रोग्रामला भाषेच्या माहितीसंचातून मिळते. ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या १३ व्या आवृत्तीपासून तो संच पूर्ण येतो, त्याआधीच्या साध्या प्रतींत येत नसे. त्यामुळे एका यंत्रावर मराठी आकडे आणि दुसऱ्यावर इंग्रजी, असा घोळ जुन्या प्रकल्पांत होतो. पडद्याचे छायाचित्र जुन्या छायाचित्राशी ताडून पाहणाऱ्या चाचण्या तर फाँटवर जगतात. मराठीतल्या ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीतल्या वळणांपेक्षा वेगळी आहेत, आणि पानाची भाषा मराठी आहे असे नोंदवले असेल तर काही फाँट वळण बदलतात. सर्व्हरवर देवनागरी फाँटच नसेल तर अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकोनी पेट्या येतात. फाँट उशिरा उतरला तर आधी आलेल्या पर्यायी अक्षरांपेक्षा ओळ लांबते, दुसऱ्या ओळीवर जाते आणि खालचे ‘सादर करा’ बटण क्लिक होता होता सरकते. सगळ्या यंत्रांवर एकच फाँट बसवणे आणि फाँट उतरल्याची खात्री होईपर्यंत थांबणे, एवढ्याने हे मिटते.

दोष शोधताना चाचणी एकटी आणि पूर्ण फेरीत अशी दोन्ही प्रकारे चालवून पाहतात. एकटी पास आणि घोळक्यात फेल झाली तर सामाईक माहितीचा संशय घ्यावा. नेटवर्क मुद्दाम मंद केल्यावर जास्त वेळा फेल झाली तर वाट पाहण्यात खोट आहे. त्याहून परिणामकारक युक्ती म्हणजे एखाद्याच उत्तराला मुद्दाम उशीर लावणे: वाशीमचे उत्तर तीन सेकंद अडवून ठेवले की विसातून एकदा होणारी चूक दर वेळी होऊ लागते, आणि दर वेळी होणारी चूक दुरुस्त करणे सोपे असते. फेल झालेल्या फेरीचा माग, म्हणजे क्षणाक्षणाचे पडदे आणि सर्व्हरशी झालेली देवाणघेवाण, जपून ठेवण्याची सोय प्लेराइटमध्ये आहे. तो पाहिल्याशिवाय पुन्हा चालवणे म्हणजे पुरावा पुसणे.

पुन्हा चालवण्याची सोय बऱ्याच साधनांत असते आणि तिचा मोह मोठा आहे. विसातून एकदा फेल होणाऱ्या चाचणीला आणखी दोन संधी दिल्या, तर तिन्ही वेळा फेल होण्याची शक्यता ८,००० त एक इतकी घटते. खूण हिरवी राहते. वापरणाऱ्यांपुढे तो दोष विसातून एकदा येतच राहतो. पुन्हा चालवण्याला मज्जाव करणे व्यवहारात जमत नाही. पण दुसऱ्या प्रयत्नात पास झालेल्या चाचणीची पास म्हणून नोंद करू नये, ‘लहरी’ अशी वेगळी नोंद करावी आणि ती यादी दर आठवड्याला कोणाच्या तरी टेबलावर जावी. सॉफ्टवेअरविषयी लिहिणारे मार्टिन फाउलर यांनी २०११ मध्ये अशा चाचण्या विलगीकरणात ठेवण्याचा सल्ला दिला होता: मुख्य फेरीतून त्या काढायच्या, वेगळ्या चालवायच्या आणि विलगीकरणातल्या संख्येला व मुदतीला मर्यादा घालायची. मर्यादा नसेल तर विलगीकरणाची अडगळीची खोली होते.

काही चाचण्यांना ब्राउझर लागतच नाही. आठ तालुक्यांची यादी बरोबर येते का हे सर्व्हरला थेट विचारून काही मिलिसेकंदांत कळते. त्यासाठी पान उघडणे, रकाना शोधणे, क्लिक करणे ही सगळी उठाठेव कशाला? ब्राउझरच्या चाचण्या मोजक्याच, अर्ज भरून पावती मिळेपर्यंतच्या मुख्य वाटांपुरत्या ठेवल्या तर लहरीपणाला जागाच कमी उरते.

दुरुस्ती खरोखर झाली का, हे ठरवण्यातही घाई होते. चूक सापडली, कोड बदलला, दहा वेळा चालवली, दहाही वेळा हिरवी, विषय बंद. पण विसातून एकदा फेल होणारी चाचणी काहीच दुरुस्त न करता दहा वेळा चालवली, तरी दहाही वेळा हिरवी राहण्याची शक्यता सुमारे ६० टक्के असते. ती शक्यता पाच टक्क्यांखाली आणायला साठ फेऱ्या लागतात. शंभरातून एकदा बिघडणाऱ्या चाचणीला सुमारे तीनशे. एवढ्या फेऱ्या रात्री लावून ठेवता येतात, फक्त मध्यरात्र ते साडेपाच हा पट्टा लक्षात ठेवून.